कॉलेज अर्ध्यावर सोडू का, सर?



आज निबंध नाही, थोडं मनातलं बोलायचं आहे. विषय तुमच्यापैकी अनेकांच्या घरात सध्या चालू असेल. सॉफ्टवेअरमध्ये काम करायचं तर डिग्री पूर्ण करायलाच हवी का?

मागच्या महिन्यात शाळा सुटल्यावर एक गृहस्थ मुलाला घेऊन भेटायला आले. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत. मुलगा माझा जुना विद्यार्थी, आता बी.सी.ए.ची दोन वर्षं झालेली, दोन विषयांत एटीकेटी. पोरगा हुशार, पण परीक्षेपेक्षा लॅपटॉपवर जास्त रमणारा. त्याला पुण्यात एका छोट्या कंपनीत महिना अठरा हजारांची नोकरी मिळत होती. अट एकच, पुढच्या महिन्यापासून पूर्णवेळ यायचं.

वडील खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "सर, ह्यो म्हणतोय कॉलेज बास झालं. मला तर त्यातलं काय कळत न्हाई. तुमीच सांगा आता."

मुलगा म्हणाला, "सर, तिथं डिग्री कोण विचारत नाही. कोड चालतोय का, एवढंच बघतात."

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण मुलगा खोटं बोलत नव्हता, आणि वडिलांची भीतीही खोटी नव्हती. शिवाय याच प्रश्नावर मी पूर्वी एकदा चुकलो आहे. ती चूक पुढे सांगतोच. दोन दिवसांनी मी त्या दोघांना जे सांगितलं, तेच आज तुमच्यासाठी सविस्तर लिहितो आहे.

आधी मुलाची बाजू

पालकहो, मुलांचं म्हणणं आपण आधी नीट ऐकून घेऊ. डॉक्टरला पदवी आणि नोंदणी नसेल तर तो दवाखाना उघडू शकत नाही. वकिलाला सनद लागते. प्रोग्रॅमरला असा कोणताही परवाना लागत नाही. बारावी झालेल्या मुलाने लिहिलेलं ॲप आणि एम.टेक. झालेल्याने लिहिलेलं ॲप यात वापरणाऱ्याला फरक कळत नाही. चाललं तर चाललं.

दुसरं, शिकायची साधनं आता घरात आली आहेत. आमच्या वेळी पुस्तक मिळवायला लायब्ररीत नंबर लावावा लागे. आज जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांची व्याख्यानं फुकट बघता येतात. उलट आपल्या कॉलेजांतला अभ्यासक्रम कधी कधी बाजाराच्या चार पावलं मागे असतो. प्रॅक्टिकलची जर्नलं मुलं एकमेकांची बघून उतरवतात, हे मी लपवून काय उपयोग?

तिसरं, गूगल, ॲपल, आयबीएम यांसारख्या कंपन्यांनीही गेल्या काही वर्षांत अनेक पदांसाठी पदवीची अट काढून टाकल्याचं जाहीर केलं आहे.

आणि आपल्या कोल्हापूरला तर हे नवीन नाहीच. कलामहर्षी बाबुराव पेंटर कुठल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेले होते? १८९० साली कोल्हापुरात जन्मलेल्या या माणसाने चित्रकला, शिल्पकला आणि यंत्रकाम घरातल्या कारागिरीतून आणि स्वतःच्या खटपटीतून शिकून घेतलं. सिनेमाचा कॅमेरा बनवायचा ध्यास आनंदराव आणि बाबुराव या भावांनी घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, पण बाबुरावांनी काम सोडलं नाही. कॅमेरा तयार झाला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल ही मंडळी याच कंपनीत घडली. आपल्या उद्यमनगरातही कागदावरचं शिक्षण कमी पण हातात विद्या, असे कितीतरी मेस्त्री होऊन गेले.

म्हणजे पदवीशिवाय माणूस मोठं काम करू शकतो, हे कोल्हापूरकराला कोणी शिकवायची गरज नाही. मग माझं म्हणणं काय आहे?

अर्धी सांगितलेली गोष्ट

मित्रांनो, कॉलेज सोडणाऱ्यांच्या गोष्टी आपल्यापर्यंत अर्ध्याच पोहोचतात. बिल गेट्स यांचंच बघा. १९७५ मध्ये त्यांनी हार्वर्ड सोडलं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण शाळेत असतानाच, १९६८ च्या सुमारास, त्यांना संगणक वापरायला मिळत होता, हे कोणी सांगत नाही. त्या काळी भल्याभल्या कॉलेजांतही तो नव्हता. वडील सिएटलमधले नावाजलेले वकील होते. धंदा बुडाला असता तर परत जायला हार्वर्ड होतंच. आपल्या फौंड्री कामगाराच्या मुलाने कॉलेज सोडलं तर त्याच्यामागे काय आहे?

लिनक्स ही संगणक प्रणाली १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी विद्यार्थी असताना लिहायला घेतली. पुढे ती जगभर गेली. पण त्यांनी हेलसिंकी विद्यापीठ सोडलं नाही, लिनक्सवरच प्रबंध लिहून पदव्युत्तर पदवी पूर्ण केली. ही गोष्ट मात्र कुठल्या प्रेरणादायी व्हिडिओत येत नाही.

आता आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. 'क्विक हील' हे अँटिव्हायरस तुमच्यापैकी अनेकांनी संगणकावर पाहिलं असेल. कैलास काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातले. दहावीनंतर शिक्षण सोडलं आणि पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं आणि संगणक दुरुस्तीकडे वळले. त्यातून एक कंपनी उभी राहिली आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात नोंदली गेली. 'दहावी शिकलेल्या मराठी माणसाची सॉफ्टवेअर कंपनी' म्हणून ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, आणि ती खरीच आहे.

पण ते अँटिव्हायरस लिहिलं कोणी? कैलासरावांचे धाकटे भाऊ संजय काटकर यांनी. आणि संजय काटकर यांनी पुणे विद्यापीठातून संगणकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेलं आहे. धाकट्याने संगणक शिकावा हा आग्रह थोरल्याचा होता. ज्याला स्वतःला शिकता आलं नाही, त्याने दुरुस्तीच्या कमाईतून भावाला शिकवलं. एकाकडे बाजाराची जाण, दुसऱ्याकडे विषयाचं शिक्षण. दोन्ही मिळून कंपनी झाली.

अशीच आणखी एक गोष्ट आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातली. किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण रंग ओळखण्यात दोष असल्यामुळे ती वाट सोडावी लागली. पुढे यंत्रांची आरेखनं शिकले, शिकवलीही. बेळगावला सायकलीचं दुकान काढलं, नांगर बनवले, १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना आणि गाव उभं केलं. आता विचार करा, अशा स्वयंशिक्षित माणसाने आपल्या मुलाला काय सांगितलं असेल? "मी कुठे शिकलो, तूही ये कारखान्यात"? नाही. शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला गेले आणि १९२६ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन आले.

पदवीशिवाय मोठी झालेली माणसं आपल्या माणसांना पदवीशिवाय राहू देत नाहीत. काय नव्हतं म्हणून किती अडलं, हे त्यांनाच पक्कं माहीत असतं.

माझी चूक

आता ती चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी डिग्रीच्या शेवटच्या वर्षात तीन विषय राहिलेले असताना नोकरीला लागला. पेढे घेऊन आला. मी विचारलं, "राहिलेले विषय?" तो म्हणाला, "देतो सर, नंतर." मी पेढा खाल्ला, पाठीवर थाप मारली आणि विषय तिथेच सोडला. मलाही वाटलं, नोकरी लागली ना, मग झालं.

तो 'नंतर' आलाच नाही. पहिलं वर्ष काम शिकण्यात गेलं, दुसऱ्या वर्षी बहिणीचं लग्न, मग कंपनी बदलली. दरम्यान कॉलेजचा अभ्यासक्रम बदलला, जुन्या पॅटर्नच्या परीक्षा बंद झाल्या. आज तो उत्तम काम करतो, त्याच्या हाताखाली चारपाच इंजिनिअर आहेत. पण मधे त्याला परदेशात पाठवायचं ठरलं आणि कागदपत्रांच्या रकान्यात गाडी अडली. 'शिक्षण' समोर त्याला 'बारावी' लिहावं लागलं. त्याच्या जागी त्यानेच शिकवलेला मुलगा गेला.

त्याने मला फोन केला तेव्हा तक्रार केली नाही. एवढंच म्हणाला, "सर, तेव्हा एक कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं." मित्रांनो, कानाखाली मारणं कोणाच्याच हिताचं नाही. पण थांबवून बोलणं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही. म्हणून आज लिहितो आहे.

कागद नेमका कुठे लागतो?

'डिग्री नुसता कागद आहे' असं मुलं म्हणतात. मान्य. पण आधार कार्डही कागदच आहे. तो कुठे लागतो हे माहीत असावं.

पहिली जागा, कॅम्पस भरती. मोठ्या कंपन्या हजारो अर्जांतून माणसं निवडतात तेव्हा सगळ्यांचा कोड वाचत बसत नाहीत. आधी चाळणी लावतात. दहावी, बारावी आणि पदवीला अमुक टक्के, बॅकलॉग नाही, ही चाळणी तुम्हाला माहीतच आहे. तुमचा कोड कितीही चांगला असला तरी चाळणीतून खाली पडलेला अर्ज कोणी उचलत नाही.

दुसरी जागा, सरकारी आणि बँकेच्या नोकऱ्या. एमपीएससीच्या राज्यसेवेला पदवी लागते. बँकांच्या आय.टी. ऑफिसर पदाला तर संगणक किंवा त्यासारख्या शाखेतली अभियांत्रिकीची अथवा पदव्युत्तर पदवी लागते, किंवा पदवी अधिक डोएकची 'बी' लेव्हल. एम.सी.ए. करायचं मनात आलं तरी आधी पदवी हवी.

तिसरी जागा, परदेश. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव लागतो. तो अनुभव मोजतात कसा? कॉलेजच्या एका वर्षाला कामाची तीन वर्षं. म्हणजे चार वर्षांच्या पदवीची भरपाई करायला बारा वर्षं! हेही खरं की सगळे देश सारखे नाहीत. जर्मनीने २०२३ पासून आय.टी.तल्या अनुभवी लोकांना पदवी नसतानाही ब्लू कार्डची वाट उघडली आहे, गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा अनुभव आणि ठरलेला पगार असेल तर. दारं हळूहळू उघडत आहेत, पण सगळी उघडली आहेत असं समजून चालू नका.

चौथी जागा म्हणजे मंदी. काम भरपूर असतं तेव्हा कंपन्या कोणालाही घेतात. काम आटलं की एका जागेला पाचशे अर्ज येतात, आणि मग निवडणारा माणूस नाकारायला कारण शोधतो. ते कारण तुम्ही त्याच्या हातात देऊ नका.

आणि कंपन्यांनी पदवीची अट काढली, त्याचं पुढे काय झालं? हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या भरतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अट काढल्याच्या घोषणा पुष्कळ झाल्या, पण त्यामुळे प्रत्यक्षात पदवी नसलेल्यांना मिळालेल्या संधी सातशे नेमणुकांमागे एकसुद्धा भरल्या नाहीत. जाहिरातीतून अट गेली, निवडणाऱ्याच्या मनातून गेली नाही.

कॉलेजात खरंच काही मिळतं का?

मुलाने मला विचारलं, "सर, डिस्क्रीट मॅथ्स कुठे लागतंय?" प्रश्न चांगला आहे.

साधी वेबसाइट बनवताना ते दिसत नाही. पण दुकानात शंभर वस्तू असताना झटकन चालणारा तुमचा प्रोग्रॅम, वस्तू एक लाख झाल्यावर का रखडतो? दोन माणसांनी एकाच वेळी शेवटचं तिकीट काढलं तर ते कोणाला मिळालं पाहिजे? या प्रश्नांची उत्तरं डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टीम या तुमच्या कंटाळवाण्या विषयांत आहेत. घरबसल्या शिकणारा मुलगा जे आवडतं ते शिकतो. अभ्यासक्रम आवडत नाही तेही शिकायला लावतो. औषध कडू असतं म्हणून आईच पाजते, तसंच आहे हे.

आता तर आणखी एक गोष्ट झाली. सांगितलं की कोड लिहून देणारी एआयची साधनं आली. साधा कोड आता कोणालाही मिनिटात मिळतो. मग तुम्हाला पगार कशाचा? तो कोड बरोबर आहे का, कुठे फसेल, हे ओळखण्याचा. त्यासाठी मुळं पक्की लागतात. नुसतं यूट्यूब बघून टाइप करणाऱ्याचं काम सगळ्यात आधी जाणार आहे.

तरीही मी असं म्हणणार नाही की कॉलेज केलं की हे आपोआप येतं. नोट्स पाठ करून पास झालेला पदवीधर आणि न शिकलेला यांच्यात फार अंतर नसतं. पदवी पूर्ण करणं आणि विषय शिकणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही तुम्हालाच करायची आहेत.

हिशोब मांडून बघू

आम्ही तिघांनी कागदावर हिशोब मांडला. पगार १८,००० रुपये. पुण्यात तिघांत खोली घेतली तर वाट्याला ६,००० भाडं, मेसचे ४,०००, प्रवास, मोबाइल आणि इतर २,०००. उरले ६,०००. म्हणजे वर्षाला ७२,००० रुपये.

वडील म्हणाले, "भत्तर हजार म्हंजे आमाला कमी न्हाईत, सर."

खरं आहे. कमी नाहीत. ज्याच्या घरात फीसाठी सोसायटीचं कर्ज काढतात त्याला सल्ला देताना शिक्षकाने हे विसरू नये. पण मी त्यांना विचारलं, मुलगा अजून पस्तीस वर्षं काम करणार आहे. त्या पस्तीस वर्षांत वर उल्लेख केलेल्या चार दारांपैकी एक जरी बंद मिळालं, तर नुकसान ७२ हजारांपेक्षा कमी असेल का? एका वर्षाच्या शिलकीसाठी आपण कायमचं काय गहाण टाकतोय?

सगळ्यात वाईट अवस्था 'अर्धवट'ची. बारावीनंतर सरळ कामाला लागलेल्याचे पैसे तरी वाचतात. पूर्ण केलेल्याला कागद मिळतो. दोन वर्षांची फी भरून सोडणाऱ्याचे पैसेही गेले आणि फॉर्ममध्ये लिहायचं 'बारावी पास'.

आणि हो, हे ठासून सांगतो. पदवी राहिली म्हणून बोगस सर्टिफिकेट विकत घेण्याच्या नादाला लागू नका. कंपन्या कागदपत्रांची पडताळणी करतात. त्यात सापडलात तर नोकरी जातेच, गुन्हाही दाखल होऊ शकतो.

खरंच सोडावं लागलं तर?

काही घरांत प्रश्न आवडीचा नसतो. वडील अंथरुणाला खिळले, कर्ज झालं, शेत गेलं. अशा मुलाला 'डिग्री पूर्ण कर' म्हणून उपदेश करणं सोपं आहे. त्याच्यासाठी काही वाटा सांगतो.

एक, रिकाम्या हाताने सोडू नका. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी अशी सोय आहे. बाहेर पडण्यासाठी काही जादा क्रेडिट पूर्ण करावी लागतात, ती कोणती हे कॉलेजच्या ऑफिसात विचारा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये तुमची क्रेडिट जमा राहतात, साधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. खातं उघडलंय का, क्रेडिट जमा झालीत का, हे सोडण्याआधी बघा. नंतर ऑफिसच्या खेटा मारण्यात चपला झिजतात.

दोन, मुक्त विद्यापीठ. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांसाठीच आहे. इग्नूची बी.सी.ए. आहे. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा बी.एस. अभ्यासक्रम घरबसल्या शिकता येतो, त्याला जेईई लागत नाही, पात्रता परीक्षा असते, आणि प्रत्येक टप्प्यावर प्रमाणपत्र घेऊन थांबता येतं. मुख्य परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. सोपा नाही, हेही सांगून ठेवतो.

तीन, शिकवून काम देणाऱ्या जागा. झोहो कंपनीची शाळा बारावी किंवा डिप्लोमानंतर मुलांना घेते, फी घेत नाही, उलट विद्यावेतन देते. एचसीएलच्या टेकबी योजनेत बारावीनंतर प्रशिक्षण, मग काम आणि कामासोबत पदवी करता येते. नीट बघा, पदवीची अट सोडणाऱ्यांनीही शिक्षण सोडलेलं नाही.

चार, फीचा प्रश्न असेल तर आधी महाडीबीटी पोर्टल बघा. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे. मुलींसाठी तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली आहे. मुलीचं शिक्षण फीसाठी थांबवायच्या आधी एकदा कॉलेजात चौकशी करा, एवढी हात जोडून विनंती.

आपल्या मातीतलं उत्तर

या प्रश्नाचं उत्तर आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या एका माणसाने कधीच देऊन ठेवलं आहे. कर्मवीर भाऊराव पाटील, जन्म १८८७, कुंभोज, तालुका हातकणंगले. शिक्षण कोल्हापुरात झालं, पण मॅट्रिकच्या पुढे काही गेलं नाही. पदवी नाही. पुढे काही काळ किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि गरिबाच्या मुलासाठी थोडक्या शब्दांत मार्ग सांगितला तो असा, स्वावलंबनाने शिक्षण, म्हणजेच 'कमवा आणि शिका'. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने या पदवी नसलेल्या माणसाला डी.लिट. दिली.

लक्षात घ्या, कर्मवीर 'शिकू नका, कमवा' असं म्हणाले नाहीत. 'आधी शिका, मग कमवा' असंही म्हणाले नाहीत, कारण गरिबाला ते परवडत नाही. त्यांनी मधे 'आणि' ठेवला. राजर्षी शाहू महाराजांनीही १९१७ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला तेव्हा नुसता कायदा केला नव्हता. त्याच्याही आधीपासून या शहरात बोर्डिंगं उभी केली होती. मूल बुद्धी कमी पडून शाळा सोडत नाही, राहायची-जेवायची सोय नसल्याने सोडतं, हे त्यांना ठाऊक होतं.

सॉफ्टवेअर हा तर 'कमवा आणि शिका'साठी सगळ्यात सोयीचा धंदा आहे. मजुरी करायला शेतावर जावं लागे. प्रोग्रॅमिंग लॅपटॉपवर होतं. लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्याला हिशोबाचा प्रोग्रॅम हवा असतो, उद्यमनगरातल्या वर्कशॉपला स्टॉक ठेवायला ॲप हवं असतं, शाळांना वेबसाइट हवी असते. सुट्टीतली इंटर्नशिप असते. हे सगळं डिग्री चालू ठेवून करता येतं.

तर माझं मत एका वाक्यात सांगतो. सॉफ्टवेअरचं काम यायला डिग्री लागत नाही, पण आपल्यासारख्या घरातल्या मुलाने सुरू केलेली डिग्री पूर्ण करावी, कमवत करावी, आणि सोडावीच लागली तर शिक्का मारलेला कागद हातात घेऊनच सोडावी.

पुढे काय झालं?

मी मुलाला म्हणालो, "नोकरीला नाही म्हणू नकोस. कंपनीला विचार, कॉलेज सांभाळून घरून अर्धवेळ काम देता का? सुट्टीत पूर्णवेळ येतो म्हणून सांग." त्याने ईमेल लिहिला. मराठीत विचार करून इंग्रजीत कसा लिहायचा, ते आम्ही दोघांनी बसून केलं. कंपनीने अर्धवेळ जमणार नाही म्हणून कळवलं. सुट्टीत दोन महिने ये, मग बघू, असंही लिहिलं.

मुलगा नाराज आहे. माझ्यावर थोडा रागही असेल. वर्षभराने तो मला दुवा देईल की दोष, हे मला आज सांगता येणार नाही. पण एटीकेटीचे दोन्ही फॉर्म त्याने भरलेत. वडिलांनी परवा रस्त्यात गाडी थांबवून सांगितलं, "रात्री पुस्तक घिऊन बसतंय, सर. लॅपटॉप बी असतोय शेजारी."

दोन्ही शेजारी शेजारी असू देत. आणि तुमच्यापैकी कोणाचे विषय राहिले असतील, तर हा लेख बाजूला ठेवा आणि फॉर्म भरायची शेवटची तारीख आधी बघून या.